सिस्टरांनी सांगितलेली पावडर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका, गल्लीत सगळे जिला सिस्टर म्हणतात ती, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याइतके जवळचे आता कोणी येतही नाही.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीस मिळावे. ती सात वर्षे माझ्याशी बोललेली नाही. त्यात तिची चूक नाही.

२. बँकेतली ठेव भावास द्यावी. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्याने मला मागच्या रांगेत बसवले, ते मी विसरलेले नाही. पण माझ्या आजारपणात डबा त्याच्याच घरून येत होता.

३. रक्तदाब मोजायचे यंत्र व कात्र्या समोरच्या डॉक्टरीणबाईंना. यंत्र अजून चोख चालते.

४. माळ्यावर पावडरीचे अडतीस डबे आहेत. ते विकू नयेत, फुकटही वाटू नयेत, गटारात ओतावेत. डब्यावर ‘मधुमेह मुळापासून नाहीसा’ असे ठळक छापले आहे. ‘हे औषध नाही’ ही ओळ तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात आहे. ती मी पहिल्याच दिवशी वाचली होती.

५. ज्या साहेबांनी मला ही पावडर विकणाऱ्या कंपनीच्या साखळीत ओढले, त्यांना माझ्या अंत्यविधीला उभे करू नये. निवृत्तीनंतरही ते मला पांढरा गणवेश घालायला लावून व्यासपीठावर नेत. “सिस्टर, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. लोक काय ते समजतात,” म्हणत. मला टाळ्यांची चटक लागली. तीस वर्षे रोग्यांची घाण काढली, तेव्हा कोणी वाजवल्या नव्हत्या. गणवेश जाळून टाकावा.

६. हे कलम भाचीसाठी. बाळ, तुझ्या आईने इन्सुलिन सोडले ते माझ्या शब्दावर, एवढे तुला ठाऊक आहे. पुढचे मी कोणालाच सांगितलेले नाही. तिचा पाय काळा पडला, कापायचे ठरले, त्या सकाळी तिने मला विचारले, “ताई, साखर तर तुलाही आहे. तूसुद्धा हीच पावडर घेतेस ना?”

“हो गं,” मी म्हणाले. “हिच्यावरच तर आहे.”

“मग माझंच नशीब फुटकं,” म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवले. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आली नाही.

माझे इन्सुलिन मी एक दिवसही चुकवले नव्हते. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून फ्रिजमध्ये भाजीखाली, फडक्यात गुंडाळून ठेवत होते.

घर घे अथवा घेऊ नकोस. तुझी आई स्वतःला दोष देत गेली. दोष तिचा नव्हता, मी तिच्याशी खोटे बोलले होते.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही)
२. शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)

लिहून देणार: सिस्टर (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: ९ मार्च