मरून गाडीवरची धूळ

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ललिताचा गुडघा — कालच्यापेक्षा बरा. गिरजाबाईचा खोकला — आहे तसाच, जामुलहून फोन होता. आमची शिल्पा — हैदराबादले ठीक, फक्त झोप कमी. समोरच्या क्वार्टरमधल्या हिरालालची शुगर — वाढली! बेबीताईच सांगत होती, अन् नवऱ्याच्या ताटात जिलेबीही तीच वाढत होती. माझी पाठ — विचारूच नये.

गाडीची तब्येत — सगळ्यात वाईट.

छपरावर नारिंगी ठिपके. मोहरीएवढेही नाहीत, पण हात फिरवला तं खरखर लागते. कारखान्यातून लोखंडाची भुकटी हवेत उडते, रंगावर बसते, दवात भिजते, तिथंच गंजते. लोखंडानं जन्मभर पोट भरलं, आता म्हातारपणी गाडी खाऊन राहिलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

सकाळ सगळी गाडीत गेली. आधी नुसतं पाणी, वरून खाली. धूळ वाहून गेली पाहिजे, घासली नाही गेली पाहिजे. मग दोन बादल्या — एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. लोकरीचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक दार धुवायचं, साध्या पाण्यात झटकायचा, मग दुसरं दार. हे मले कोणी शिकवलं नाही. मोबाइलवर पाहिलं, चुकलो, परत पाहिलं.

मग तो लोखंड विरघळवणारा फवारा. ठिपक्यांवर मारला की जांभळं पाणी ओघळते. ललिता खिडकीतून — "अजी, जांभळं कोनं चेंदली गाडीवर?" मी हसलो. उरलेली खरखर ओढून काढायले मातीची वडी ओल्या पत्र्यावर फिरवली, अन् हात लावला तं — काच!

मी खुशीत आहे पाहून तिनं विषय काढला. यंदा दसऱ्याले तिच्या बहिणीले, गिरजाबाईले, आपल्या गाडीनं नागपूरले नेऊ. दीक्षाभूमीवर. छप्पन साली गिरजाबाई मायचं बोट धरून तिथं उभी होती, नऊ-दहा वर्षांची. ललिता तं तेव्हा जन्मलीही नव्हती. आता रेल्वेच्या डब्यातली त्या दिवसाची गर्दी बाईच्यानं सोसत नाही. "एक डाव नेऊ न तिले. पुढच्या साली कोन कुठं, कोनाले ठाऊक?"

पाहू, म्हटलं.

बुधवार, १७ सप्टेंबर

नालायक माणूस! मूर्ख!

मी डोळे दाखवायले दवाखान्यात गेलो होतो. परत आलो तं गाडीवर झेंडूचा हार, अन् हिरालाल बाजूले उभा, दात काढून. हातात कॉटन वेस्ट — मशीन पुसायचा तो सुताचा गुंता.

"शालिकभाऊ, आज विश्वकर्मा पूजा! माही पुसली, म्हटलं तुमचीबी चमकवून देतो."

कोरडी पुसली! धुळीसकट! ज्या गुंत्यानं जन्मभर मशीनवरचा कीस पुसला, त्यानं! उन्हात पाहिलं — बॉनेटभर गोल गोल ओरखडे, कोळ्यानं जाळं विणावं तसे. मरून रंग आहे, एक केस लपत नाही त्याच्यात.

"हे मशीन आहे का बे?" मी ओरडलो.

"तं काय आहे?" तो म्हणे. "तीस वर्षं आपन याच्यानंच सगळं पुसलं न? मशीन पुसली, हात पुसले, डब्बाबी पुसला. आपन मेलो का?"

अन् हार कावून? मी पूजा करत नाही, हे कारखान्यातल्या आमच्या शॉपात एकूणएक माणसाले माहीत होतं. यालेही. "हार तं गाडीले घातला, तुमाले थोडीच घातला!" म्हणे.

तोडला, अन् त्याच्या अंगणात फेकला. बेबीताई प्रसादाची वाटी घेऊन दारातच थांबली होती. तिच्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

हिरालालशी बोलणं बंद. या जन्मापुरतं.

रविवार, २१ सप्टेंबर

हातानं पॉलिश. मशीननं लवकर होते, पण मशीन एका जागी थांबलं तं रंग जळते. स्पंजवर वाटाण्याएवढं पॉलिश घ्यायचं, वितभर जागा धरायची, आडवं, मग उभं, जोर कमी कमी करत आणायचा. ओरखडा भरत नसते. त्याच्या आजूबाजूचा रंगच तेवढा खाली उतरवा लागते, तवा तो दिसेनासा होते. म्हणजे हिरालालनं खरवडलं ते निस्तरायले मले माझाच रंग झिजवावा लागून राहिला. रोग म्हशीले अन् सुई पखालीले!

तो समोर खाटेवर बसून पाहत होता. त्याच्या गाडीले पाऊसच आंघोळ घालते, पांढरी होती असं लोक सांगतात. "शालिकभाऊ, किती घासता! आता पत्रा दिसन!" मी मान वर केली नाही. तरी बोलतेच. लाज नावाची गोष्ट नाही.

जेवताना ललितानं पुन्हा नागपूर काढलं. मी साफ सांगितलं — गाडी जाणार नाही. हायवेवर ट्रकच्या चाकाखालून गिट्टी उडते. पुढच्या काचेवर, बॉनेटवर किडे फुटतात अन् उन्हात वाळले की रंग खातात. इतकं केलेलं मातीत घालू का?

"नाकापेक्षा मोती जड झाला तुमाले," ती म्हणाली. अन् मले वाढायचं थांबवून स्वतः जेवायले बसली.

बुधवार, २४ सप्टेंबर

खांदा वळत नाही. डावी दोन्ही दारं झाली.

शिल्पाचा फोन. आईनं कान भरलेले दिसले. "पापा, गाड़ी चलाने के लिए होती है, दिखाने के लिए नहीं." मराठीत बोल, म्हटलं. "मराठीतपण तेच आहे, बाबा!"

मग ललिता. भांडी घासता घासता, पाठमोरी — "रंगाचं नाव पुढं कावून करता? समोरचे ट्रक नीट दिसत नाहीत म्हना न. मी काय हसणार हाय का तुमाले?"

ताट सरकवलं अन् उठलो. चाळीस वर्षांच्या संसारात असं बोलली नव्हती ती. मले दिसत नाही! रंगावरचा केसाएवढा ओरखडा मले दिसते!

शनिवार, २७ सप्टेंबर

गिरजाबाईचा फोन, नेमका मीच उचलला.

"जय भीम, शालिकराव. पांढरं लुगडं इस्तरी करून ठेवलं मी. कधी निघाचं?"

मी म्हटलं, बाई, गाडीले लेप लावणं बाकी आहे.

"लेप? तिलेबी गुडघ्याचं दुखणं हाय का?" अन् खोकत खोकत हसली.

मी फोन ललिताच्या हातात दिला. ती बराच वेळ 'हाव बाई, हाव बाई' करत राहिली. माझ्याकडे न पाहता.

सोमवार, २९ सप्टेंबर

रंग राखणारा लेप लावला. पातळ, एकसारखा, सावलीत. थोडा वाळू दिला, मग मऊ कपड्यानं पुसला. बॉनेटमध्ये पूर्ण कडुनिंब दिसते, पानं मोजून घ्या! हिरालालचे ओरखडे शोधूनही सापडत नाहीत.

दोन दिवस आता पाणी नाही, कपडा नाही, हात नाही. कव्हरही नाही, ते घासते. धूळ बसन तितकी बसू द्यायची, मग धुवायची.

ललिताले बोलावलं पाहायले. आली. "छान झाली," म्हणाली. दारातूनच.

मंगळवार, ३० सप्टेंबर

संध्याकाळी हिरालाल दारात. पायरीवर चप्पल काढून, जसा कोणाच्या मयतीले आला.

"शालिकभाऊ, रागावू नका. मी वहिनीले अन् त्याइच्या बहिनीले नागपूरले नेऊन आनतो. माह्या गाडीले का, ओरखडे काय अन् गिट्टी काय. बेबीबी येते. तिकडं तुमच्या लोकाइची गर्दी राहते, मी आपला गाडीपाशी बसून राहीन. परवाचं सोनं आल्यावर वाटू."

मी दार अर्धंच उघडं धरलं.

"तुमी चला न. समोरची सीट तुमची. मी चुकलो तं शिव्या द्याले कोनी पाहिजे."

चांगला बोलतो. गोडच बोलतो तो, नेहमी. याच गोडीनं बॉनेट खरवडलं त्यानं! मी म्हटलं, माझी बायको तुझ्या उकिरड्यात बसणार नाही. अन् दार लावलं.

मागं ललिता उभी होती. पिशवी भरलेली होती तिची. कधी भरली, मले माहीत नाही. "मले विचारलं का तुमी?" एवढंच म्हणाली.

मी कडी घातली. तिनं पिशवी रिकामी केली नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

उठलो तं घर चूप. समोर हिरालालची गाडी नाही, नुसता तिच्या जागेचा कोरडा चौकोन.

माझी गाडी जागेवर. बॉनेटवर दोन दिवसांची धूळ, अन् धुळीत बोटानं लिहिलेलं, पाटीवर लिहावं तसं मोठं मोठं, ललिताचं अक्षर — "बाईले घेऊन चालली. चहा झाकून हाय."

बोट दाबून लिहिलं तिनं. लेप अजून कच्चा, दाबलं की भुकटी रंगात खोल उतरते. ही अक्षरं पाण्यानं जायची नाहीत आता, पॉलिशनंही नाहीत.

कपडा हातात होता. खांद्यावर टाकला.

खाली जागा होती. ती परत आल्यावरच वाचन, ठाऊक होतं; तरी मीही बोटानंच लिहिलं, तिच्यापेक्षा जोरानं — "बाईले माझा जय भीम सांग. पोचली की लिही. लवकर लिही."