एकोणीस वाटाणे

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमचे हे रविवारी सकाळी तुझ्या क्लबाच्या ज्येष्ठांच्या शर्यतीला म्हणून गेले, ते आज मंगळवार उजाडला तरी घरी आलेले नाहीत. दहा हजार मीटर म्हणजे असतं तरी किती लांब? मी धरून चालले होते की दोन-तीन फेऱ्या मारतील आणि सोडून येतील. अंघोळीचं पाणीसुद्धा तापवून ठेवलं होतं. तुला ठाऊकच आहे, ह्यांनी आजवर एक काम तडीस नेलेलं नाही. घड्याळजी म्हणून दारावर पाटी लावली, तीही अर्धीच रंगवलेली. घरात सात घड्याळं पोट उघडून पडली आहेत आणि किती वाजले ते आम्हाला शेजारीण सांगते.

काल मैदानावर येऊन बघते तर हे धावतायत. एकटेच! कुंपणातून हाक मारली तर हात हलवून पुढे गेले. तू घंटेपाशी खुर्ची टाकून बसला होतास. तुला हाक मारली तर तू चक्क तोंड फिरवलंस. सख्ख्या भावानं ओळख दाखवू नये असं मी काय केलं, ते उलट टपाली कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

ता. ५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तोंड फिरवलं याचा राग मानू नकोस. शर्यत चालू असताना पंचानं स्पर्धकाच्या नातेवाइकांशी बोलायचं नाही, असा नियम आहे. पत्रव्यवहाराबद्दल नियमात काही नाही, हे मी दोनदा वाचून बघितलं.

झालं ते असं. मी फेऱ्या वाटाण्यांनी मोजतो. चौतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रावर माझा विश्वास नाही. उजव्या खिशात मूठभर वाळलेले वाटाणे. पहिला माणूस रेषेवरून गेला की त्यातला एक डाव्या खिशात. एकूण फेऱ्या पंचवीस. चोविसावा वाटाणा पडला की घंटा द्यायची, मग शेवटची फेरी. मेहुणे सुरुवातीपासून पुढे होते, मलाही नवल वाटलं. बराच वेळ झाला म्हणून डावा खिसा चाचपला, तर आत वाटाणे तीन!

तिथे मी मोजणं थांबवलं. चुकलेल्या मापाला पुढचं माप जोडत नाहीत. बाकीचे अकरा जण संध्याकाळपर्यंत कंटाळून घरी गेले. मेहुणे तेवढे राहिले. समोरून जाताना म्हणाले की घंटा झाल्याशिवाय ते काही थांबणार नाहीत.

तू म्हणशील, एव्हाना पंचवीस झाल्याच असतील. झाल्याच असतील यावर मी सही करत नाही. पुन्हा एकपासून मोज म्हणशील, तर पिस्तूल एकदाच उडालंय आणि एका शर्यतीला दोन सुरुवाती नसतात.

प्रकृतीस जप. आशीर्वाद आहेतच, नियमात बसतील तेवढे.
तुझा दादा

ता. १० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोक्याला हात लावला.

आता इकडची हकिकत ऐक. मी रोज डबा घेऊन मैदानावर येते आणि ह्यांच्या बाजूनं चालत राहते. एका फेरीत पोळीभाजी, दुसरीत पाणी. मैदानावरचा तुझा तो माळी प्रत्येक वेळी वहीत टिपून घेतो, ‘विनापरवाना फेरी, एक’, आणि माझी सही मागतो. न्हावी उलट्या पावलांनी पळत ह्यांची दाढी करून गेला. भालाफेकवाले आधी ह्यांना नमस्कार करतात, हे वळणापलीकडे गेले की मगच भाला सोडतात. झोपेचं विचारलं तर म्हणाले, सरळ पट्ट्यावर डोळे मिटतो, वळण आलं की उघडतो.

आणि कहर म्हणजे गिऱ्हाइकंही तिथेच येऊ लागली आहेत. हे पळता पळता घड्याळं दुरुस्त करतात, आणि दादा, पुरी करतात! लोक कौतुक करतात. मला मात्र कौतुकाचं काही वाटेनासं झालंय. काल ह्यांचा उजवा गुडघा बघितलास का? सुजून टम्म झालाय. आणि घर असं गप्प आहे की मी त्या उघड्या घड्याळांशी बोलते. थांबा म्हणून सांगितलं तर म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा पहिला आहे, एवढं एक पुरं करू दे. मला त्यांना अर्ध्यावरून ओढून आणायचं नाही, पण मला माझा माणूस घरी हवा आहे. काहीही कर आणि ती घंटा वाजव.

नमस्कार करते, पण आधी घंटेचं बघ.
धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. गुडघा मी रोज बघतो. ते समोरून गेले की मी चष्मा पुसतो, धूळ फार आहे. पण खोटी घंटा दिली तर ते जे पुरं करतील ते काय असेल? शर्यत नव्हे. आणि ते त्यांना कळेल. घड्याळजी आहे तो माणूस, आत काय चाललंय ते त्याला कळतं.

सोबत माझा पंचाचा कोट पाठवतो. डावा खिसा शिवून दे म्हणून महिनाभर मागे लागलो होतो, तू आज-उद्या करत राहिलीस. आता वारा लागतो, निदान आता तरी शीव.

तुझ्याइतकाच अडकलेला,
दादा

ता. १३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, चूक माझी आहे. कोट उलटा केला तर खिशाला हे एवढं भोक, आणि खाली अस्तरात काहीतरी खुळखुळतंय. अस्तर उसवलं. आत सोळा वाटाणे निघाले! मी पाटावर मांडून तीनदा मोजले, शेवटी शेजारणीकडूनही मोजून घेतले. सोळा आणि तुझे तीन, एकोणीस. मी महिन्यापूर्वी चार टाके घातले असते तर हे रविवारीच घरी आले असते. रडू आलं, मग हसूही आलं.

आता मी सांगते ते तुझ्या नियमात बसतं का बघ. एकोणीस फेऱ्या तू स्वतः मोजल्यास. त्यानंतरचं कुणी मोजलं नाही, म्हणजे तुझ्या हिशोबानं ते धावलेच नाहीत. तेव्हा राहिल्या सहा. कोट शिवून पाठवते आहे, दुहेरी दोऱ्यानं.

तुझ्या सहीची वाट बघणारी,
धाकटी

ता. १६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी अक्कल नियमात बसली. काल सहा फेऱ्या झाल्या, घंटा झाली, शर्यत संपली, हे तू पाहिलंसच. तू ज्या मापानं माणूस परत मागितलास, त्याच मापानं मी आता पेचात पडलो आहे.

काल तू नेहमीसारखी डबा घेऊन शेजारी होतीस. सहाही फेऱ्या होतीस. घंटा वाजली तशी तू चपला हातात घेतल्यास आणि घर दिसल्यासारखी सुटलीस. रेषेवर कोण आधी हे ठरवताना हात धरत नाहीत, छाती धरतात. तू वीतभर पुढे होतीस. मी मनात म्हटलं, ही स्पर्धक थोडीच आहे. तेवढ्यात माळी वही घेऊन आला. कालच्या आधीच्या विनापरवाना फेऱ्या, तुझ्या सहीनिशी, एकोणीस. एकोणीस आणि सहा, पंचवीस. मोजलेल्या, लिहिलेल्या. मी न मोजलेल्या फेऱ्या पुसल्या, तर मोजलेल्या कशा पुसू?

मेहुण्यांना एकदा तरी पहिलं यायचं होतं. निकालाचा तक्ता समोर कोरा पडलाय. चौतीस वर्षांत माझा हात असा कधी अडला नव्हता. तू सांगशील ते लिहीन. त्याच्याखाली सही करीन, आणि पुन्हा पंच म्हणून बसणार नाही.

निर्णय तुझ्यावर सोडून बसलेला,
दादा

ता. १७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जे दिसलं तेच लिही. पंच म्हणूनही तूच बस, खिसे मी बघत जाईन.

हे घरी आले ते बुटांसकट झोपले, काल दुपारी उठले. गुडघ्याला शेक देता देता मी सगळं सांगून टाकलं. तुम्ही दुसरे आलात, म्हटलं. त्यांनी शेकाचं फडकं बाजूला ठेवलं. मग विचारलं, पहिलं कोण? मी म्हटलं, मी.

तर हसायला लागले, दादा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, तू नुसती डबा द्यायला येतेस असं वाटत होतं मला. एवढे दिवस पहिला होतो, पण मागे वळून बघावं तर कुणीच नाही. दुसरा आलो म्हणजे शेवटपर्यंत कुणीतरी बरोबर होतं.

मग उठून त्यांनी एक उघडं घड्याळ घेतलं आणि पुरं केलं. आत्ता सव्वापाच झालेत, हे मी शेजारणीला न विचारता लिहिते आहे.

लोभ असू दे, आणि तो वाटाण्यांनी मोजू नकोस.
तुझी धाकटी