नवव्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या धाकट्या भाचीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघ्यांनी संप पुकारला आहे आणि छातीची चौकशी चालू आहे, तेव्हा उरलेल्या अंगांचा गोड मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का, शेजारीण अजूनही तुझा पेपर तुझ्याआधी वाचायला नेते का, ते सविस्तर कळव. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुला शेजारच्या जिन्यातलं भांडणसुद्धा ऐकू येतं आणि मी आईच्या आजाराचं विचारलं की नेमकी लाइन खराब होते. गेल्या रविवारी ती दोनदा खराब झाली आणि तिसऱ्यांदा तुझं दूध उतू गेलं. म्हणून हे पत्र. आधी माझी हकिगत ऐक.

आमच्या कारखान्याने यंदा पंचेचाळिशीपुढच्या बायकांची छातीची तपासणी फुकट करून दिली. फुकट ते पौष्टिक, म्हणून आम्ही अकराजणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नटूनथटून गेलो. (नटण्याचा काही उपयोग नसतो, आत गेल्यावर पहिल्यांदा तेच उतरवायला सांगतात.) यंत्र म्हणशील तर आमच्याकडे शर्टाची कॉलर दाबायचा प्रेस असतो, अगदी तसंच, फक्त प्रेस निदान ऊबदार असतो. माझी उंची कमी पडली म्हणून लाकडी पाट आणला. त्यावर मला चढवून ती यंत्रावरची मुलगी सांगायला लागली, काकू, खांदा सैल सोडा, मान तिकडे, पोट मागे, हनुवटी वर, आता हलू नका आणि श्वास घेऊ नका. माझ्या लग्नातसुद्धा मला इतक्या सूचना कोणी दिल्या नव्हत्या, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही बाजू उभ्या-आडव्या दाबून झाल्यावर ती म्हणाली, छान. काय छान होतं ते मी विचारलं नाही.

दहाजणींना आठवड्याने पाकिटं आली, सर्व ठीक म्हणून. मला फोन आला. आयुष्यात कधी सोडतीत नंबर लागला नाही, तो इथे लागला. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, लेकीच्या वयाच्या, बोलताना पेनाचं टोपण काढतात आणि घालतात. त्यांनी फोटो उजेडाच्या फळीवर लावला आणि प्रस्तावना सुरू केली. मावशी, तुला माहीत आहे माझं काम काय ते. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कापड पसरायचं आणि दोष शोधायचा. सुटलेला धागा, गाठ, डाग. दिसला की त्यावर लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि पीस बाजूच्या टोपलीत टाकायचा. सव्वीस वर्षं मी एवढंच केलं आहे. त्यामुळे बाईंचं बोट फोटोवर पोचायच्या आत माझी नजर पोचली होती. डाव्या बाजूला, काखेकडे, सांडलेल्या मिठासारखे बारीक पांढरे कण, सहा-सात, एकाच ठिकाणी गोळा झालेले. हा पीस माझ्या टेबलावर आला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नसतं, सरळ बाण लावला असता. त्या म्हणाल्या, घाबरू नका, ही फक्त संशयाची श्रेणी आहे, चौथी. आमच्याकडे चौथ्या प्रतीच्या मालाची मशीन पुसायला फडकी करतात, पण हे त्यांना कशाला सांगा. येत्या मंगळवारी नाही, पुढच्या मंगळवारी जाड सुईने तुकडा काढणार आहेत आणि आत खूण म्हणून धातूचा एक टिपका ठेवणार आहेत. म्हणजे बाण लागणारच.

तुझे जावई तेव्हापासून मोबाइलमध्ये तोंड घालून बसले आहेत. दहातल्या आठजणींचं काही निघत नाही, असं ते सकाळी चहाबरोबर एकदा आणि संध्याकाळी दार उघडताना एकदा सांगतात. माणूस वाईट नाही. पण त्यांना कसं समजवायचं की कारखान्यातही दहातले आठ शर्ट चांगलेच असतात, त्या आठांबद्दल मला कोणी कधी विचारलेलं नाही, माझा पगार उरलेल्या दोनांसाठी आहे. परवा त्यांनी न सांगता भांडी घासली. तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली.

आता मुद्द्याची गोष्ट (मुद्दा अजून पुढेच आहे, पण तू पान उलटून शेवट बघू नकोस). नर्सने एक फॉर्म दिला होता. नववा प्रश्न असा की रक्ताच्या नात्यात, म्हणजे आई, आजी, मावशी, बहीण, कोणाला हा आजार झाला होता का. हो, नाही, माहीत नाही. मी एका क्षणात सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं. आपल्या घरात हे शिकवावं लागत नाही. आजोबा छाती धरून कोसळले, ते पित्त होतं. मामा आठ महिने वेड्यांच्या इस्पितळात होता, तो हवापालटाला गेला होता. आजाराचं नाव घेतलं तर तो घर बघून ठेवतो, असं तूच म्हणायचीस. नर्सने विचारलं, आई कशाने गेल्या? मी म्हटलं, अशक्तपणाने. ती म्हणाली, अशक्तपणा कशामुळे तरी येतो हो काकू. मग तिने मला कोरा फॉर्म दिला आणि सांगितलं, घरी मोठ्या माणसांना विचारून भरून आणा. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मला गृहपाठ मिळाला आहे, आणि घरात मोठं माणूस म्हणजे आता तू एकटी.

तुला आठवतं का, आईने मला जन्मात एकदाच मारलं. मी नऊ वर्षांची होते. तिच्या कपाटात तळाशी मला कापसाची गोल उशी सापडली, वाटीएवढी, फिक्या कापडाची, हाताने शिवलेली. मला वाटलं सुया टोचून ठेवायची आहे. घरातल्या झाडून सगळ्या सुया आणि टाचण्या मी तिच्यावर गोल गोल टोचल्या, फुलासारख्या, आणि कौतुकाने आईला नेऊन दाखवल्या. तिने थोबाडीत मारली. मग खाली बसून एकेक टाचणी काढत राहिली, आणि मी रडत होते तरी तिने वर बघितलं नाही. तू आलीस, उशी काढून घेतलीस आणि मला म्हणालीस, अगं, ती पाठीला घ्यायची असते. दोन वर्षांनी आई गेली. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

बाकी क्षेम आहे. मला काडीचीही काळजी वाटत नाही. लोभ आहेच, तो आहे तेवढा ठेव.

तुझी भाची

ता. क. १ – मंगळवारी पुढून उघडणारा कपडा घालून या म्हणाले आहेत. तुझा तो बटणांचा निळा गाऊन पाठवशील का? मी शर्टांच्या कारखान्यात काम करते आणि माझ्याकडे पुढून उघडणारं एकही वस्त्र नाही, हे कोणाला सांगू नकोस.

ता. क. २ – गाऊन नाही पाठवलास तरी चालेल. हे पत्र शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवत असशील तर इथे थांब आणि तिला घरी पाठव.

ता. क. ३ – फॉर्म घेऊन बाहेर आले तर औषधांच्या खिडकीजवळ काचेचं कपाट होतं. पट्टे, कुबड्या, आणि वरच्या फळीवर वाटीएवढी गोल उशी, फिक्या कापडाची. खाली चिठ्ठी होती, छातीच्या शस्त्रक्रियेनंतर चोळीच्या आत घालण्यासाठी. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की दुकानदाराने विचारलं, डावी हवी की उजवी. पाठीला घ्यायची उशी एवढीशी असते यावर मी सत्तेचाळीस वर्षं विश्वास ठेवला, मावशी. दोष शोधणं हा माझा धंदा आहे आणि मला एवढं दिसलं नाही. मी तिच्या त्या जागी टाचण्या टोचल्या, आणि तुम्ही दोघींनी मला कळू दिलं नाही. फक्त हो की नाही एवढंच लिही. एका ओळीचं पत्र चालेल. कोऱ्या फॉर्मवर नवव्या प्रश्नाचं उत्तर मी सध्या पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.

ता. क. ४ – तुला रागवायचा मला हक्क नाही. लेकीचा काल फोन आला होता. मंगळवारी अर्धी रजा कशाला, असं तिने विचारलं, आणि मी दाढ काढायला जाते आहे म्हणून सांगितलं. तिने कोणती दाढ विचारलं, तेही सांगितलं. तू लिहिलंस तर मी तिला खरं सांगेन, शपथ घेते. नाही लिहिलंस तर कधीतरी तिच्यापुढे असाच एक फॉर्म येईल, आणि तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.