न फिरणारा कागद

३ जुलै, पोलादपूर
सखूकाकी महाडहून तणतणत थेट माझ्या ओटीवर. डोंगरातली जमीन विकायची नाही असे ठरवून, विक्रीसाठी नेमलेल्या मुखत्याराकडे नारळ घेऊन गेली होती. गावकीत दिलेला शब्द मागे घ्यायचा तर नारळ ठेवायचा, समोरच्याने उचलला की मोकळे. "उचलला त्यानं, मास्तर. फोडून खोबरं पण खाल्लं. नि म्हणतो, कागद फिरत नाय! गावकीपेक्षा मोठा हाय काय रे तो?"
कुलमुखत्यारपत्र पाहिले. मराठी मजकुरात एकच इंग्रजी शब्द, इर्रेव्होकेबल. रद्द न करता येणारे.

४ जुलै
चैन नाही. शिमग्याच्या बैठकीत हा कागद मीच वाचून दाखवला. त्या शब्दाशी आल्यावर म्हणालो, "म्हणजे पक्का कागद, बिनघोर अंगठा द्या." टाळ्या पडल्या. जन्मभर हक्कांवर भाषणे, घरात कपाटभर पुस्तके, आणि शब्दकोश उघडायचा...
जमीन गेली तर ती माझ्या जिभेने गेली. जाऊ देणार नाही.

७ जुलै, महाड
वकीलबाई, माझी जुनी विद्यार्थिनी. "सर, नुसता तो शब्द लिहून कागद तसा होत नाही. मुखत्याराचा त्या जमिनीत स्वतःचा हितसंबंध लागतो. काकी, त्याच्याकडून काही घेतलंत?"
"चा घेतला. तो पण बिनसाखरेचा."
तिला हसू आवरेना. मग म्हणाली, त्याने कुणाला खरेदीखत करून दिले की सगळे अवघड. मुखत्याराला नोटीस आजच गेली. आता मुखत्यारपत्र मोडल्याचा रद्दलेख नोंदवायचा.

९ जुलै
गावकीत उभा राहिलो. अर्थ चुकीचा सांगितला, चूक माझी. एवढेच बोलून बसलो.
गावकर म्हणाला, "मास्तर, पयल्यांदाच थोडक्यात आटोपलंत!" हशा. रद्दलेखावर साक्षीला दोन माणसे हवी होती, सहा उठली.

११ जुलै, महाड, निबंधक कचेरी
कारकून : "इर्रेव्होकेबल आहे. मुखत्याराची संमती आणा."
काकी : "जमीन माझी, नि संमती त्याची?"
नकार लेखी द्या म्हणालो. आवाज चढला असावा, सगळी रांग वळून बघू लागली. कारकून कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेला, त्याला अर्धा तास झाला. मुखत्याराचा माणूस दाराशी फोनवर बोलतो आहे.
काकीने चपला काढून बाकाखाली सारल्या आणि मांडी घालून बसली. मीही बसलो आहे.