आधीची मी, नंतरची तू

प्रिय धाकटे,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं, पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करतात ते मला ठाऊक नाही, म्हणून राहू दे. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू रडायला लागतेस, मी विरघळते आणि चूक तुझी असली तरी समजूत मीच काढते. चोपन्न वर्षं हेच चाललंय. रोपवाटिकेच्या गाडीवाल्याच्या हाती हे पाठवतेय, आजच मिळेल. बातमी आधीच देते, म्हणजे ओळी चाळत बसायला नको. माझ्या डाव्या गालावरचा डाग सोमवारी कापणार आहेत. तुकडा तपासायला पाठवला होता, कर्करोग निघाला. पसरलेला दिसत नाही म्हणतात. आता मुकाट्याने पुढचं वाच, कारण मला आधी भांडायचं आहे.

तुझ्या दुकानाच्या काचेवरचा तो फलक! डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', मध्ये व्हिटॅमिन सीच्या सीरमची बाटली. डावीकडे मी, उजवीकडे माझी जुळी बहीण, तू. अगं, जनाची नाही तर मनाची तरी ठेवायचीस! तो फोटो तू काढलास तेव्हा मी कुंड्या भरत होते, हात कोपरापर्यंत मातीत, अंगाला घामाच्या धारा. आठवण म्हणून राहू दे म्हणालीस. कसली आठवण! परवा गुलाबाची रोपं न्यायला एक शाळामास्तरीण आली, मला निरखून म्हणाली, अहो, 'नंतर' तुम्ही किती छान दिसता, मग आज असं काय? तिला दोन रोपं जास्त दिली आणि वाटेला लावली.

खोटं कशाला बोलू, बाटलीवर माझा राग नाही. चौदा महिने रोज सकाळी चार थेंब लावले. चौथ्या महिन्यापासून कपाळावरचा काळपटपणा उतरायला लागला, डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा जरा निवळल्या, रापलेल्या तोंडावर तजेला आला. कातडी ताठ धरणारे धागे नव्याने बनायला त्याची मदत होते, उन्हाने होणारी खराबी थोडी अडते, पण वरून ऊन अडवणारं क्रीम हवंच, आणि बाटली उजेडात उघडी टाकली की आतलं तपकिरी पडून वाया जातं. हे सगळं तूच मला शिकवलंस, किती हौसेने! एवढंच खरं गिऱ्हाइकाला सांगितलं असतंस तरी बाटल्या खपल्या असत्या. पण तुला तीन आठवड्यांत दहा वर्षं पुसायची होती, आणि त्यासाठी बहिणीचं तोंड आयतं हाताशी होतं.

कधीकधी वाटतं, ही खोड मीच लावली. लहानपणी सुईला घाबरून तू पलंगाखाली लपलीस आणि मी तुझं नाव सांगून दुसऱ्यांदा टोचून घेतलं. नर्सला कळलं नाही. आईला कळलं तेव्हा तिने मला चांगलं बदडलं, तुला नाही. दोघींचा मिळून एकच चेहरा, जिला लागेल तिने वापरावा, असंच आपलं होतं. पण बाबा गेल्यावर रोपवाटिका मी घेतली आणि तू सावलीतलं दुकान घेतलंस. तेव्हापासून ऊन एकटीच्या वाट्याला आलं, आणि त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आज काढतेय.

डाग वाढत होता. वयाचा डाग आहे, सीरमने जाईल, असं तू म्हणालीस, म्हणून त्यावर दोन थेंब जास्तच लावत राहिले. मग टॉवेल लागून रक्त आलं आणि मी दवाखाना गाठला. त्वचेच्या डॉक्टरीणबाई मला बघून चक्रावल्याच. म्हणाल्या, तुमचा फलकावरचा फोटो पाहून दोन महिन्यांपूर्वी मी मुद्दाम दुकानात शिरले होते. हा डाग बरा दिसत नाही, लगेच दाखवा म्हटलं, तर तुम्हीच गाल पुढे करून म्हणालात, तो माझाच होता, सीरमने गेला बघा.

ती तू होतीस, धाकटे. गिऱ्हाइकं उभी होती म्हणून? तुझी फजिती झाली असती म्हणून? एक डॉक्टर आपल्या पायाने चालत येऊन तुला सांगते की तुझ्या बहिणीच्या गालावर काहीतरी वाईट आहे, आणि तू तिला तुझा गाल दाखवतेस! मला एक फोन करता आला नाही तुला? दोन महिने गं! आणि माझा मूर्खपणा बघ, त्या खुर्चीत बसून मी त्यांना काय सांगितलं? माझी बहीण घाबरली असेल हो, घाबरली की ती असंच बोलते. बाहेर पडल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दवाखान्यातून निघाले ती तडक तुझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिले. आत आले नाही, आले असते तर बरणी न् बरणी फुटली असती. काचेला नाक लावून फलकाची उजवी बाजू पाहिली, डॉक्टरीणबाईंनी माझा गाल पाहिला तशी. तुझ्या कानाच्या पाळीखाली, केस मागे घेतलेत तिथे, एक काळा ठिपका आहे. पूर्वी नव्हता. तुझी वेणी मी घातली आहे, मला माहीत आहे. काही नसेलही. पण मी पाहिला आणि लगेच सांगतेय. सोमवारी साडेदहाला माझा गाल कापतील. त्याआधी दहाला, परत दवाखान्यात जाऊन, तुझं नाव लिहून आले आहे, तुझंच नाव, तुझ्याच चेहऱ्यासाठी. या वेळी तुझ्या जागी मला बसता येणार नाही. पावडर, रंग, सीरम काही लावू नकोस. 'तोंड धुऊन ये' असं तुला आजवर शंभरदा रागाने म्हटलं असेल. आजही रागानेच म्हणतेय, पण खरंच तोंड धुऊन ये.

तुझीच,
थोरली