दहा वाजताची भेट

२ मार्च
आलो एकदाचा! अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबलो, आता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी वकिली कार्यालयात माझ्या दारावर पाटी आहे : ड्वाइट हॉगन, पर्यवेक्षक वकील. खिडकीतून धान्याची उंच कोठारं दिसतात आणि त्यांच्यापलीकडे सपाट नेब्रास्का. आमच्या मुख्य वकील मॅरिअन स्टॉल यांनी स्वागताला कोलाचे, म्हणजे आलुबुखार भरलेले गोड पाव, आणले. डब्यात दोन कमी होते. गाडीतच खाल्ले, असं बाईंनी सरळ सांगून टाकलं. झकास माणसं आहेत.

३ मार्च
माझ्या हाताखालची वकील केल्सी पहिला कागद घेऊन आली. लिओना वाशेक, वय एक्याऐंशी, मिल रोडवर एकटी राहते. डोकं ठिकाणावर नाही, अशी पुतण्याची तक्रार. केल्सीने फोन केला तर म्हातारीने एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाही. तेव्हा तिला काउंटीच्या ताब्यात घेऊन वृद्धाश्रमात ठेवावं, असा अर्ज. शेवटी माझी शपथ, आधीच छापलेली : आज सकाळी दहा वाजता मी स्वतः तिच्या स्वयंपाकघरात बसून खात्री केली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी विचारलं, जायचं कधी? केल्सी ओशाळली. आधीचे साहेब कधीच जात नसत म्हणे. मॅरिअन दारातूनच हसल्या. असा घरोघर फिरायला लागलास तर निवृत्तीपर्यंत फिरतच राहशील, म्हणाल्या. पहिल्याच आठवड्यात कुठे शहाणपणा दाखवायचा? केली सही.

९ मार्च
चार मिनिटांत निकाल. लिओनाबाईंना कोर्टात आणलंच नव्हतं. न्यायाधीशांनी मान वर करून मला विचारलं, तुम्ही स्वतः भेटलात ना? मी हो म्हणालो. भर कोर्टात, मोठ्याने. दुपारी शेरीफची माणसं तिला घेऊन गेली.

१० मार्च
सकाळी मेजाशी कॉफी पीत होतो. दहा वाजले, आणि मी एका अनोळखी स्वयंपाकघरात बसलेलो. मेजावर मेणकापड, खिडकीत शेपूची रोपं, समोर लोकरी स्वेटर घातलेली म्हातारी.

ती म्हणाली, "माझ्याकडे बघून बोल, पोरा. कानातलं यंत्र बिघडलंय, ओठ वाचते मी."

एवढंच होतं तर! फोनवर ऐकूच येत नव्हतं तिला. तासभर बोलली. शेजाऱ्यांची नावं, शेपू कधी लावायचा, पुतण्याचा डोळा घरावर कसा आहे, सगळं लख्ख. मी खरोखर गेलो असतो तर दोन मिनिटांत कळलं असतं. अकराला म्हणाली, "झालं बघून? जा आता." मी माझ्या खुर्चीत परत. केल्सी म्हणाली, तासभर तुमची खोली रिकामी होती. वृद्धाश्रमात फोन केला. लिओनाबाई दहा ते अकरा डोळे मिटून कुणाशी तरी बोलत होत्या.

१२ मार्च
रोज दहाला तेच. काय करायचं ते मला ठाऊक आहे. मी गेलो नव्हतो, असं न्यायाधीशांना लिहून द्यायचं, की ती घरी येईल. माझी सनद जाईल. त्याचंही एवढं नाही, पण जिथे हो म्हणालो त्याच खोलीत उभं राहून नाही म्हणायचं? पत्र लिहिलं. खणात ठेवलं.

१७ मार्च
आज स्वयंपाकघरात पडदे नाहीत, शेगडी नाही. पुतण्या घर रिकामं करतोय. उद्या न्यायाधीशांना नक्की सांगतो, मी म्हणालो.

"कालही हेच म्हणालास," ती म्हणाली. रागाने नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० मार्च
वृद्धाश्रमात तिने खाणं सोडलंय. मॅरिअनना सगळं सांगितलं, अगदी स्वयंपाकघरासकट. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी दार लावलं. तू तोंड उघडलंस तर आपल्या सगळ्यांचेच कागद उघडे पडतील, म्हणाल्या. मग घड्याळाकडे बघत, अगदी हळू :

"सवय होते रे."

बाईंचं दार रोज सकाळी अकरापर्यंत का बंद असतं, ते मी विचारलं नाही.

२३ मार्च
पावणेदहाला पत्र घेऊन न्यायाधीशांच्या दाराशी. कारकून म्हणाला, वाशेक ना? पहाटे गेली. प्रकरण बंद.
पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो. सुटलो, असं वाटलं. आता सांगायला नको. पत्र खिशात घातलं. थू आहे माझ्यावर.

पुन्हा २३ मार्च
दहा वाजले तेव्हा वही हातातच होती —
स्वयंपाकघर. तिची खुर्ची रिकामी.
अकरा वाजत नाहीत. खिडकीतलं ऊन तसूभर हललेलं नाही.
दार उघडलं. पलीकडेही हेच स्वयंपाकघर. त्याच्या पलीकडे —
जा म्हणणारी गेली. आता मला जा कोण म्हणणार —
भूक लागत नाही. झोप नाही. दहाच.
पत्र वाचायला घेतलं. पहिल्या ओळीशी आवाज अडकतो. इथे कुणी नाही, तरी लाज —
पुन्हा प्रयत्न करतो. खुर्चीकडे बघून, मोठ्याने. लिओनाबाई, मी त्या दिवशी तुमच्याकडे —