पाल्यापासून जपलेली रसभरी

मुंबई, २० डिसेंबर २०२४

चि. सौ. इरावतीस अनेक उ. आ.

ऑपरेशनने आवाज नेला आणि मोबाइलवर बोटं अडखळतात, म्हणून हे पत्र. यज्ञेशला सांग, बहीण अजून भांडू शकते, फक्त कागदावर.

रामनगरच्या बगिच्यातली माझी रसभरी आता तुझ्या स्वाधीन. एक रांग उघड्या धूपेत, एक जाळीच्या सावलीत. कुठल्या फळात क जीवनसत्त्व जास्त भरतं, ते विद्यापीठाकडून तीन हिवाळे तपासून घ्यायचं ठरलं होतं. हा शेवटचा. तो हुकला तर आधीचे दोन फुकट. तू एकच कर, दोन्ही रांगा पाल्यापासून जप. पाला दिसला की हयगय नको, फळाचा सगळा कस जातो.

लोभ आहेच. वाढवायचा तर आमटी सुधार.

तुझी वन्सं,
विद्युल्लता

काशी, ९ फेब्रुवारी २०२५

ती. विद्युल्लताताईंस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू? तुमचं पत्र आलं त्याच दिवशी गंगेपार रामनगरला जाऊन दोन्ही रांगांचा सगळा पाला खुडला. नवा फुटला की पुन्हा खुडला. आमच्या साताऱ्याकडे पाला म्हणजे झाडाची पानं. थंडीत दव गोठतं त्याला इथे पाला म्हणतात, हे यांनी मला काल सांगितलं, विद्यापीठातून फळांच्या तपासणीचा अहवाल आल्यावर.

ताई, कागदासारख्या वेष्टनातली ती फळं हिरवटच राहिली, वाटाण्याएवढी, आंबटढाण. जीवनसत्त्व नावाला. उन्हातलं कोणतं नि सावलीतलं कोणतं, फरकच उरला नाही. मी रोज जात होते हो, एक दिवस चुकवला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लावते. हवं तेवढं रागवा, पण लोभ तोडू नका.

आपली,
इरावती

मुंबई, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. इरावतीस अ. उ. आ.

राग आला. खूप आला. झाडाचं अन्न पानांत तयार होतं, पानंच नाहीत तर फळात कस येणार कुठून? मग माझंच पत्र आठवलं. चार पिढ्या काशीत काढल्यावर आमची मराठी कुठे संपते नि हिंदी कुठे सुरू होते, आम्हालाच कळत नाही. तू नवी, तुला कसं कळावं?

पुढच्या हिवाळ्याचं म्हणतेस. डॉक्टर माझ्याशी होळीच्या पुढचं काही बोलत नाहीत. माझं काम अर्धंच राहिलं, याचं फार वाईट वाटतं. तुझ्यासाठी खोटं लिहिणार नाही.

पण लावणारच असशील तर नीट शिकून लाव. यज्ञेशला घेऊन इकडे ये. तू विचार, मी लिहून सांगेन. परवापासून पेन नीट धरवत नाही, तेव्हा उशीर करू नकोस.

लोभ आहे.

विद्युल्लता